बोट लागेल तो खळगा

३ फेब्रुवारी

दादा,

वरची ती आदराची आद्याक्षरं तू मनातल्या मनात लिहून घे. मी जाड मार्करने लिहिते आहे. एका पानावर जेमतेम सहा ओळी बसतात आणि त्यातली एक नमस्कारात घालवायची माझी तयारी नाही. पाकीट जाडजूड लागलं म्हणून दचकू नकोस, नोटीस वगैरे काही नाही. मार्करचं कारण पुढे येईलच.

नऊ वर्षांनी लिहिते आहे, पण ख्यालीखुशाली विचारायला नाही. भांडायला लिहिते आहे.

तुझ्या मंडळाने माझा अर्ज परत पाठवला. एप्रिलमधल्या तिपेरीच्या वार्षिक स्पर्धेसाठी केलेला अर्ज, आणि तोही माझा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'मी खळग्यात बोटं घालून बिया मोजणार आहे.' त्याखाली कोणीतरी लाल शाईने 'नियम आठ' एवढेच दोन शब्द लिहून अर्ज माझ्या तोंडावर मारला. ती लाल शाईसुद्धा मला दिसली नाही, शेजारच्या शिंप्याने वाचून दाखवली.

तर कारण असं. माझ्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या बरोबर मधोमध, डाग पडला आहे. कडेकडेचं दिसतं, मधलं गायब. तू समोर येऊन बसलास तर तुझे कान दिसतील, नाक दिसणार नाही. डॉक्टर म्हणाला, आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. रडून झालं, त्यामुळे तू काही लिहू नकोस त्याबद्दल.

वाचनाशिवाय आणखी काय अडतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, खेळ अडतो. मग त्याला तिपेरी समजावून सांगितली. बाबा बंदरावर कामाला होते तेव्हा खलाशी जमिनीत खळगे करून बियांनी खेळायचे, मंकाला म्हणतात तो जुना खेळ. बाबांनी तो घरी आणला. आम्हा बहीणभावांना दोन रांगा पुरेनात, म्हणून आम्ही मध्ये तिसरी काढली, दोघांच्या मालकीची. एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. कुठल्या खळग्यात किती आहेत हे कळल्याशिवाय चाल ठरत नाही, आणि मला खळगा दिसतो पण त्यातल्या बिया दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाला, मग बोटांनी मोजा की.

त्याला हे अर्ध्या मिनिटात सुचलं. तुमच्या मंडळाकडे नऊ सभासद आहेत आणि अठरा डोळे, बहुतेक सगळे चष्म्याचे.

नियम आठ काढून टाका. 'ज्या खळग्याला बोट लागेल तोच खळगा खेळावा लागेल.' ही एक ओळ पुस्तिकेतून खोडली तर आभाळ कोसळणार नाही. मला यंदा खेळायचं आहे आणि मी खेळणार आहे. मंडळाने काय ते ठरवावं.

बारकी


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर मिळालं. शिक्क्याचं, जावक क्रमांकाचं. सुरुवात 'महोदया'. मला बारकी म्हणणारा या जगात तू एकटाच उरला आहेस आणि तू मला महोदया म्हणतोस. शिंपी वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, हे सख्ख्या भावाचंच आहे ना? मी म्हटलं, वाच पुढे.

तर मंडळाने माझ्यावर मेहेरनजर केली आहे. 'खेळाच्या सहनिर्मात्या या नात्याने विशेष बाब म्हणून' मला बोटं घालून मोजायला परवानगी. शेजारी एक पंच बसणार, मी चाचपत असताना तो माझ्या हाताकडे बघणार. इतर कोणासही ही सवलत लागू नाही.

नको. तुमची विशेष बाब तुमच्याकडेच ठेवा, काचेच्या कपाटात, त्या पहिल्या पटाशेजारी.

तुला तो उंच कंडक्टर आठवतो? बसमध्ये नोकरी होती, आता निवृत्त आहे. दोन वर्षांपूर्वी उपान्त्य फेरीत होता. त्याचा हात थरथरतो. त्याला चौथा खळगा उचलायचा होता, बोट तिसऱ्याला लागलं. पंच म्हणाला, तिसरा. त्याने तिसरा खेळला, हरला, टोपी घातली आणि गेला, परत आलाच नाही. त्याला का नाही विशेष बाब? त्याने खेळ शोधून काढला नाही म्हणून? मग मला जी मिळते आहे ती सवलत नाही, बक्षिसी आहे.

पत्राखाली तू स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहेस. 'हा नियम तूच लिहिला होतास. मी एकतीस वर्षं तो जपला.' शिंप्याने ती वाचली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे बघितलं असावं, मला त्याच्या तोंडाच्या जागी डागच दिसत होता.

हो, मी लिहिला. बाविसाव्या वर्षी माणूस बरंच काय काय लिहितो. तुमच्या पुस्तिकेत त्यापुढे जे कारण छापलं आहे, 'खेळाचा कस बुद्धीचा असावा, बोटांचा नसावा', ते वाक्यही माझंच. छान वाक्य आहे. माझ्याच छान वाक्यांचा मला हल्ली संशय येतो. पण कोणी लिहिला आणि का लिहिला, हा मुद्दा नाही. आज तो कोणाकोणाला दाराबाहेर ठेवतो, हा मुद्दा आहे.

आणि नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सभेतलं तू अजून धरून बसला असशील, तर सांगते, मी ते मागे घेत नाही. जो स्वतः पटावर बसत नाही त्याने इतरांना नियम शिकवू नयेत, असं मी भर सभेत म्हटलं होतं. तू फाईल उचलून बाहेर पडलास आणि नऊ वर्षं बोलला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर तिथेच उत्तर दिलं असतं.

बारकी, म्हणजे महोदया


११ मार्च

दादा,

तू गप्प. बरं. तुझ्या गप्प बसण्याला मी कधी भीक घातली नाही, आताही घालणार नाही.

कारखाना चालू आहे, विचारलं नाहीस तरी सांगते. करवतीचं यंत्र विकून टाकलं, पण कातकाम सोडलेलं नाही. लाकूड लेथवर फिरत असलं की हाताला सगळं कळतं, डोळे लागतातच असं नाही. पलंगाचे पाय, औजारांच्या मुठी, कठड्याचे खांब, सगळं करते. गेल्या आठवड्यात बारा खांब दिले, बाराही एकसारखे. गिऱ्हाइकाला काही सांगितलं नव्हतं, त्याच्या काही लक्षातही आलं नाही.

आता खरी बातमी. मी नवा खेळ करते आहे.

तुमच्या पत्राने माझं डोकं फिरलं होतं आणि डोकं फिरलं की मी लाकडाला हात घालते, हे तुला ठाऊक आहे. मनात एकच होतं. असा पट करायचा की जिथे डोळसाच्या डोळ्यांचाही उपयोग शून्य. खळगा इतका खोल आणि तोंडाशी इतका अरुंद की आत काय आहे ते कोणाच्याच बापाला दिसू नये. बोट घातल्याशिवाय गत्यंतर नाही. चार दिवस राबले. सागाच्या जाड ओंडक्यात दहा बिळं कोरली, आतून पॉलिश केली, मणी कातले आणि शिंप्याला दुकानातून ओढून आणला.

त्याने बोट घातलं, मोजलं, खूश झाला. 'चार आहेत,' म्हणाला. मग ते चार बाहेर काढायला गेला. दादा, मी एकोणचाळीस वर्षं लाकूड कापते आहे आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, की मोजायला एक बोट पुरतं, उचलायला तीन लागतात. त्याने तिसरं बोट घुसवलं आणि तिन्ही अडकली. शिवताना अंगुस्तान घालायचं बोटही त्यातच. साबणाचं पाणी ओतलं, तेल ओतलं. मी म्हटलं, करवत घेऊ का? तो म्हणाला, पट कापणार की मला? मग म्हणाला, नाही, तुमची नजर बघता आधीच विचारलेलं बरं.

पाऊण तासाने बोटं सुटली. पुढचा आठवडा तो डाव्या हाताने काज करत होता आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कारण सांगत होता.

पण डोकं त्यानेच चालवलं, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाला, बाई, तुम्ही कातारी, म्हणून तुम्हाला सगळं लाकडातच सुचतं. खळगा कापडाचा का नको? त्याने जाड कापडाच्या दहा छोट्या पिशव्या शिवल्या, तोंडाशी इलास्टिक. हात आत जातो, मनगटाभोवती तोंड मिटतं, आतलं कोणाला दिसत नाही. मी फळीला दहा मोठी भोकं पाडली आणि पिशव्या त्यात टांगल्या.

पहिला डाव मी जिंकले, दुसरा तो. तिसऱ्याला दुकानासमोर त्याचं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, तेही शेवटी आत येऊन बसलं.

बारकी


६ एप्रिल

दादा,

खेळाचं नाव 'चाचपणी'. नियम पाचच आहेत, मंडळाला माहिती असावी म्हणून देते.

दोन रांगा, पाच-पाच पिशव्या, प्रत्येकीत चार मणी. आपल्या एका पिशवीतले सगळे मणी काढून पुढच्यांत एकेक टाकत जायचं. शेवटचा मणी आपल्या रिकाम्या पिशवीत पडला, तर समोरच्या पिशवीतलं सगळं आपलं. आपल्या पिशव्या हव्या तेवढ्या वेळा, हवा तेवढा वेळ चाचपायच्या. दुसऱ्याच्या पिशव्या चाचपायच्या नाहीत, त्यांत काय आहे ते लक्षात ठेवायचं.

आठवा नियम नाही. सहावाही नाही.

आता बुद्धीचा कस लागतो की नाही ते तूच बघ. तिपेरीत सगळं डोळ्यांपुढे उघडं असतं. इथे समोरच्याचं अख्खं शेत डोक्यात वागवावं लागतं. शिंपी म्हणतो, त्याला रात्री माझ्या पिशव्यांच्या हिशेबाची स्वप्नं पडतात, बायकोने हटकलं.

स्पर्धेच्या दिवशी मी येते आहे. खेळायला नाही, तुमचं ते विशेष बाब पत्र मी परत पाठवलं आहे. सभागृहाबाहेरच्या ओसरीवर, पिण्याच्या पाण्याच्या नळांपाशी, मी बाकडं टाकून बसणार. दोन पट आणणार. ज्याला यायचं त्याने यावं. कंडक्टरला निरोप धाडला आहे.

मंडळाची परवानगी मागत नाही आहे, हे स्पष्ट करते. कळवते आहे.

बारकी


२८ एप्रिल

दादा,

रविवारचं तू अर्धंच पाहिलंस, म्हणून उरलेलं लिहिते.

सकाळी दहापर्यंत कुत्रंही फिरकलं नाही. शिंपी आणि मी एकमेकांशीच खेळत बसलो आणि पाणी प्यायला येणारे आमच्याकडे दातांच्या मंजनाचे विक्रेते असल्यासारखे बघत होते. माझी काय अवस्था होती ते कबूल करते. घरी निघून जावंसं वाटत होतं. मग कंडक्टर आला. टोपी काढली, बसला, पिशवीत हात घातला. त्याचा हात थरथरत होता, आतले मणी खुळखुळत होते, आणि कापडाला त्याचं काहीही नव्हतं. कोणी 'तिसरा' म्हणालं नाही. त्याने निवांत मोजलं आणि मला बारा मण्यांनी हरवलं.

नंतर पहिल्या फेरीत बाद झालेले यायला लागले. बाद झालेल्या माणसाला वेळ असतो आणि रागही असतो, दोन्ही माझ्या कामाचे. जेवणाच्या सुट्टीत तुमची गतवर्षीची विजेती आली, ती महाविद्यालयातली मुलगी. ती सारखी पिशव्यांकडे टक लावून बघत होती, जणू बघून बघून कापड आरपार होईल. कंडक्टरने तिला दहा मिनिटांत गुंडाळलं. ती उठली नाही. म्हणाली, आणखी एक डाव. दुपारी दोनला माझ्या बाकड्यामागे रांग होती आणि आत सभागृहात पंच रिकाम्या खुर्च्यांना सूचना देत होता.

तेव्हा तू आलास. मला चेहरा दिसला नाही, पण तू दारात उजव्या खांद्याने टेकून उभा राहतोस ते कडेच्या नजरेतही ओळखू येतं. चांगला पाच-सात मिनिटं उभा होतास. डाव बघत होतास. शिंपी मला नंतर म्हणाला की तुझी बोटं पँटच्या शिवणीवर हलत होती, एक-दोन-तीन-चार. मग तू जवळ आलास.

'बारके, ऊठ इथून. मला लिहावं लागेल.'

'लिही,' मी म्हटलं.

'आवारात विनापरवाना खेळ. दोन वर्षांची बंदी आहे याला.'

'एक डाव खेळ आणि मग लिही.'

 हात पुढे आला होता तुझा, पिशवीच्या तोंडापर्यंत. मी शपथेवर सांगते, तो आला होता. मग तू तो मागे घेतलास आणि आत गेलास.

दोन वर्षांची बंदी तर बंदी. पण बारके म्हणालास, ते मी ऐकलं आहे.

बारकी


१७ मे

दादा,

नोटीस मिळाली. 'अध्यक्ष' या शब्दावर तुझी सही. 'स्पर्धेच्या आवारात अनधिकृत खेळ भरवून खेळाडूंना विचलित केल्याबद्दल दोन वर्षं मंडळाच्या कोणत्याही उपक्रमात भाग घेण्यास मनाई.' पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, असंही आहे.

हा माझा लेखी खुलासा. शिंप्याला आज बाहेर पाठवलं आहे, कारण हे त्याला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

शिक्षा मान्य आहे. दोनऐवजी वीस वर्षं करा. पण गुन्हा चुकीचा लिहिला आहे. तो दुरुस्त करून घ्यावा.

एकतीस वर्षांपूर्वी, कामगार सभागृहात, पहिली स्पर्धा होती. अंतिम डाव आपल्या दोघांत होणार हे सगळ्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. कारखान्यात आपण रोज खेळायचो आणि दहातले आठ डाव तू जिंकायचास. तुझ्या चष्म्याच्या काचा तेव्हाही बाटलीच्या बुडासारख्या होत्या. तू डोळ्यांनी मोजत नसायचास, कधीच नाही. तू प्रत्येक खळग्यात बोट घालून, बिया तळाशी सरकवून, शांतपणे मोजायचास. तुझी एक चाल होईपर्यंत मी नखं खायचे. आणि तू जिंकायचास.

अंतिम डावाच्या सकाळी नियम फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. नियम सात होते. मी खडू हातात घेऊन उभी होते आणि मला जिंकायचं होतं. एवढंच होतं, दादा. दुसरं काहीही नव्हतं. खेळाचा कस, बुद्धी, बोटं, ते सगळं मी नंतर जुळवलं, कोणी विचारलं तर सांगायला. मी आठवा नियम लिहिला, कारण तू बोटांनी मोजतोस हे मला माहीत होतं.

चौथ्या चालीला सवयीने तुझं बोट दुसऱ्या खळग्यात गेलं. पंच म्हणाला, दुसरा. तू दुसरा खेळलास आणि डाव तिथेच संपला. बाबांनी माझी पाठ थोपटली. तू टाळ्या वाजवल्यास. घरी येताना म्हणालास, 'नियम बरोबर आहे. मी डोक्याने खेळत नव्हतो, बोटांनी खेळत होतो.' मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. त्यानंतर तू पटावर बसला नाहीस आणि त्या नियमाचा रखवालदार झालास. तुझ्या आयुष्यातली एकतीस वर्षं तू अशा गोष्टीला दिलीस, जी मी दोन मिनिटांत तुला हरवण्यासाठी फळ्यावर खरडली होती. आणि भर सभेत मी तुलाच विचारलं, की तू खेळत का नाहीस. ते मी आता मागे घेते.

डोळे गेल्यावर मला शहाणपण आलं, असं मंडळात कोणी म्हणेल. म्हणू दे. खरंच आहे ते. माझे डोळे शाबूत असते तर मी आजही तोंड उघडलं नसतं.

हा खुलासा सभेत मोठ्याने वाचावा आणि इतिवृत्तात नोंदवावा, अशी माझी रीतसर मागणी आहे. तू स्वतः वाच, कोणाला वाचायला देऊ नकोस. नंतर आठवा नियम ठेवायचा की खोडायचा ते नऊजणांनी ठरवावं. पण तो न्यायासाठी केला होता, असं पुस्तिकेत यापुढे छापता येणार नाही.

माझ्या हातून तुझा खेळ गेला. याची मला लाज वाटते आणि ती मी जाड मार्करने लिहिते आहे. पण तुझी माफी मी मागणार नाही. मागितली तर तू ती लगेच देशील, मला चांगली ओळख आहे तुझी. आणि मग तो नियम आहे तिथेच राहील.

बारकी